पंख्याचा भार कोणी वाहायचा?

भारतात पहिले पेटंट कशासाठी मागितले गेले, हा प्रश्न वर्गात एकदा विचारून पाहावा. विद्यार्थी आगगाडी, तारायंत्र, छपाईयंत्र अशी उत्तरे देतील. खरे उत्तर ऐकून ते हसतील. १८५६ साली कंपनी सरकारने नव्या शोधांना संरक्षण देणारा कायदा केला. त्या कायद्याखाली ३ मार्च १८५६ रोजी पहिला अर्ज आला तो कलकत्त्याचे स्थापत्य अभियंते जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांचा, आणि त्यांचा शोध होता पंखा ओढण्याचे कार्यक्षम यंत्र.

या अर्जामागची निकड समजून घेण्यासाठी त्या काळचा पंखा डोळ्यांसमोर आणला पाहिजे. एक लांब लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेले कापड, खाली झालर. ही चौकट दोरांनी छताला टांगलेली असे. तिला बांधलेला एक दोर कप्पीवरून, भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेरच्या ओसरीवर जाई. तिथे बसलेला माणूस तो दोर ओढी आणि सोडी, ओढी आणि सोडी. कचेरीत, न्यायालयात, जेवणघरात आणि रात्री शयनगृहातही हे काम चाले. हात दुखले की दोर पायाच्या अंगठ्याला बांधून ओढणारेही असत.

आज आपण एखाद्या जुन्या खोलीत छताचा पंखा बसवायचा म्हणतो तेव्हा जे तीन प्रश्न पुढे येतात, ते या दोरीच्या पंख्यालाही होते. पंखा टांगायचा कशाला? त्याला फिरवणारी शक्ती छतापर्यंत पोचवायची कशी? आणि तो चालू, बंद, कमी-जास्त करायचा कोठून? दोरीच्या पंख्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुळई हे होते, दुसऱ्याचे भिंतीतले भोक आणि तिसऱ्याचे साहेबाची हाक. गेल्या दीडशे वर्षांत ही तीन उत्तरे कशी बदलली, ते या लेखात पाहू. प्रत्येक बदलात कोणता तरी भार एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेला आहे. तो कोठे गेला याचा हिशेब ठेवला नाही, तर अपघात होतो.

ओसरीवरचा माणूस

प्रथम माणसाचाच हिशेब करू. अंगमेहनतीची सवय असलेला निरोगी माणूस कित्येक तास सलग काम करतो तेव्हा ढोबळ मानाने ७५ वॅट यांत्रिक शक्ती देऊ शकतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात असलेला साधा छताचा पंखाही सुमारे ७५ वॅट वीज घेतो. दोन्ही आकडे जुळावेत हा योगायोग आहे, पण शिकवण्याच्या दृष्टीने उपयोगी आहे. आपल्या वर्गात चार पंखे फिरत असतील, तर जणू चार माणसे बाहेर बसून दिवसभर राबत आहेत असे समजावे.

त्या माणसाला झोप लागली की पंखा थांबे, आणि पंखा थांबला की आत निजलेला जागा होई. डुलकी लागली म्हणून पंखेवाल्याला लाथा घातल्याच्या आणि त्यात त्याचा जीव गेल्याच्या घटना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यायालयांपुढे आल्या. हिवतापाने त्या माणसाची प्लीहा आधीच वाढलेली होती, साध्या धक्क्यानेही ती फुटली असती, असा बचाव केला जाई. गोरे आरोपी अनेकदा दंडावर किंवा किरकोळ शिक्षेवर सुटत. याविरुद्ध देशी वृत्तपत्रांनी सातत्याने आवाज उठवला. पंखा ओढण्याच्या यंत्रांचे शोध लावणाऱ्यांना या माणसांची कणव होती असे मानण्याचे कारण नाही. त्यांना न झोपणारा पंखेवाला हवा होता.

पट्ट्यावरचे पंखे

न झोपणारा पंखेवाला अखेर दुसरीकडे मिळाला. १८८६ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जॉन आणि जेम्स हंटर यांनी पाण्याच्या प्रवाहावर चालणारे छताचे पंखे तयार केले. वाहत्या पाण्याने एक छोटे जलचक्र फिरे, आणि त्याची गती पट्ट्यांनी छतावरच्या पंख्यांपर्यंत नेली जाई. एकाच चक्रावर अनेक पंखे चालत. सुतगिरणीत एका लांब दांड्यावरून सगळ्या मागांना गती देत, तसाच हा प्रकार.

यात माणूस सुटला, पण गैरसोयीही होत्या. पट्टे छताखालून आडवे जात. ते ताणलेले राहण्यासाठी पंख्यांची जागा ठरावीक ओळीतच ठेवावी लागे. एक पंखा हवा आणि दुसरा नको, असे सहजासहजी करता येत नसे. दुकाने आणि उपाहारगृहे यांना हे परवडे. घरातल्या एका खोलीसाठी जलचक्र कोण बसवणार?

दिव्याच्या जागी पंखा

पट्ट्याची जागा तारेने घेतली. सप्टेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले होते. फिलिप डील हा जर्मनीतून आलेला संशोधक शिलाई यंत्रे बनवणाऱ्या सिंगर कंपनीत काम करत असे. त्याने १८८७ मध्ये शिलाई यंत्राच्या विजेच्या मोटरला पाती जोडून ती छताला टांगली आणि पेटंट घेतले. पुढे त्याने याच पंख्याला दिवाही जोडला.

दिवा जोडण्याचे कारण खोलीच्या रचनेत आहे. वीज घराघरांत आली ती दिव्यासाठी. त्यामुळे तार सर्वप्रथम छतापर्यंतच गेली. पूर्वी जिथे गॅसचा दिवा टांगलेला असे तिथेच विजेचा दिवा आला. भिंतीवर प्लग लावण्याची सोय सुरुवातीला बहुतेक घरांत नव्हतीच. इस्त्री किंवा टेबलावरचा पंखा लावायचा तर दिवा काढून त्याच्या होल्डरमध्ये तार अडकवत. १९०४ मध्ये हार्वी हबेल याने होल्डरमध्ये बसणारा, ओढून काढता येणारा प्लग शोधला, तो याच गैरसोयीतून. म्हणजे त्या पिढीच्या घरात छताला वीज होती आणि भिंतीला नव्हती. छताच्या पंख्याला जागा आयतीच मिळाली. फक्त दिव्याच्या जागी पंखा आल्याने टांगणीवरचे वजन अनेक पटींनी वाढले, याकडे पुढे फार काळजीपूर्वक पाहावे लागले.

आपल्याकडे वीज आणि पंखा

कलकत्त्यात १७ एप्रिल १८९९ रोजी इमामबाग लेन येथील वीजकेंद्र सुरू झाले. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली, आणि त्याच वर्षी वाडी बंदर येथे तिचे वीजकेंद्र उभे राहिले. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळू लागली. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याजवळ साठवलेले पावसाचे पाणी दूरच्या शहरातली चाके फिरवू लागले. हंटर यांचे जलचक्र दुकानाशेजारी होते. आता ते कित्येक मैल लांब गेले आणि मधल्या पट्ट्याची जागा तारेने घेतली.

कलकत्त्यातला सुरुवातीचा पुरवठा दिष्ट धारेचा, म्हणजे डीसी होता. दिष्ट धारेच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागाला वीज पोचवण्यासाठी कार्बनचे ब्रश लागतात. ते घासून झिजतात, ठिणग्या उडतात आणि वेळोवेळी बदलावे लागतात. प्रत्यावर्ती धारेवर, म्हणजे एसीवर चालणाऱ्या मोटरला ब्रश लागत नाहीत. इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी १८८८ मध्ये फिरणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना स्वतंत्रपणे जगापुढे मांडली. आपल्या घरातला पंखा तिच्यावरच चालतो.

पण घरात एकच फेज येते, आणि एका फेजने चुंबकीय क्षेत्र नुसते मागे-पुढे होते, फिरत नाही. म्हणून पंख्यात दोन गुंडाळ्या असतात. एका गुंडाळीच्या मार्गात एक धारित्र जोडलेले असते. त्यामुळे तिच्यातली धारा दुसरीच्या तुलनेत थोडी पुढे सरकते. दोन्ही क्षेत्रे एकत्र येऊन एक फिरते क्षेत्र तयार होते. वायरमन ज्याला कंडेन्सर म्हणतो ते हेच धारित्र, साधारण २.२५ ते ३.१५ मायक्रोफॅरडचे. ते निकामी झाले की पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, आणि हाताने ढकलला तर हळूहळू फिरू लागतो. (हा प्रयोग मुलांना करू देऊ नये.)

छताच्या पंख्याची आणखी एक खुबी आहे. बहुतेक मोटरींत बाहेरचा भाग स्थिर असतो आणि आतला दांडा फिरतो. छताच्या पंख्यात उलट असते. मधला दांडा छताशी जखडलेला, स्थिर. बाहेरचे कवच फिरते आणि त्यालाच पाती जोडलेली असतात. म्हणूनच पंख्याच्या तारा दांडीच्या पोकळीतून खाली येऊ शकतात. दांडा फिरत असता तर त्या पीळ पडून तुटल्या असत्या. गतीचे उत्तरही मोटरच्या रचनेतच आहे. १४ ध्रुवांच्या मोटरचे क्षेत्र ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर मिनिटाला १२० × ५० ÷ १४, म्हणजे सुमारे ४२८ फेरे घेते. पाती थोडी मागे राहून ३५० ते ३८० फेरे घेतात. त्यामुळे दंतचक्रे लागत नाहीत.

जिथे छताला तार नाही

आता मूळ अडचणीकडे येऊ. छताला वीज नसलेल्या खोल्या दोन प्रकारच्या असतात. काही विजेच्या आधी बांधलेल्या, तर काही वीज आल्यावर बांधूनही छताला तार न दिलेल्या.

दुसरा प्रकार प्रामुख्याने अमेरिकेतला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे घरोघर वातानुकूलन यंत्रे आली आणि छताचा पंखा मागे पडला. दिवेही टेबलावर आणि जमिनीवर उभे राहिले. तिथल्या विद्युत संहितेनुसार, स्वयंपाकघर व न्हाणीघर सोडून इतर खोल्यांत छताच्या दिव्याऐवजी भिंतीवरचा एक प्लग दाराजवळच्या बटणाने चालवला तरी चालते. त्यामुळे असंख्य शयनगृहे छताला तार न देताच बांधली गेली. मग १९७३ चे तेलसंकट आले. वीज महागली आणि लोकांना छताचा पंखा पुन्हा आठवला. पण आता त्याला जागाच नव्हती! तिथल्या भिंती लाकडी खांबांवर ठोकलेल्या पातळ फळ्यांच्या, आतून पोकळ असतात. त्यामुळे त्या बटणाच्या प्लगपासून भिंतीच्या पोकळीतून नवी तार वर चढवतात. छतातल्या दोन लाकडांच्या मध्ये लांबवता येणारी लोखंडी दांडी अडकवून तिला पंखा टांगतात. दिव्यासाठी बसवलेल्या डब्यावर पंखा टांगण्यास तिथे मनाई आहे. पंख्याचा भार पेलणारा म्हणून प्रमाणित केलेलाच डबा लागतो.

पहिला प्रकार आपला. जुन्या वाड्यातल्या किंवा कौलारू शाळेतल्या तुळईला भाराची भीती नसते. झोपाळ्याच्या कड्या तिने पिढ्यान्‌पिढ्या पेललेल्या असतात. तिथे अडचण तारेची. भिंती दगडामातीच्या किंवा विटांच्या, भरीव. म्हणून आपल्याकडे तार नेहमी पृष्ठभागावरून गेली. आधी चिनी मातीच्या गुटख्यांवरून, मग लाकडी पट्टीच्या खोबणीत, मग सागवानी पट्टीवर क्लिपांनी आवळून, आणि आता प्लॅस्टिकच्या झाकणाच्या पट्टीतून. भिंतीतून नळी नेण्याची पद्धत काँक्रीटच्या घरांबरोबर रूढ झाली. काँक्रीटच्या छतात मात्र उलट अडचण असते. स्लॅब ओततानाच पंख्याचा हुक आणि नळी घातली असेल तर उत्तम. राहून गेली, तर कडक काँक्रीटमध्ये भोक पाडून विस्तारणारा बोल्ट बसवावा लागतो, आणि ते काम जाणत्याकडूनच करून घ्यावे लागते. पत्र्याच्या शेडमध्ये आडव्या लोखंडी नळाला क्लँप लावून पंखा टांगतात. नुसत्या पत्र्याला किंवा खालच्या दिखाऊ छताला तो कधीच टांगू नये.

दोन छोटी गणिते

पंख्याचे वजन साधारण ५ किलो, म्हणजे सुमारे ५० न्यूटन. हुक एवढे सहज पेलेल, असे वाटते. पण पंखा नुसता टांगलेला नसतो, तो फिरत असतो. समजा एका पात्यावर धूळ साचून किंवा ते वाकून १० ग्रॅमचा असमतोल झाला, अक्षापासून अर्ध्या मीटरवर. मिनिटाला ३५० फेरे म्हणजे कोनीय वेग सेकंदाला ३६.७ रेडियन. वस्तुमान, त्रिज्या आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार केला तर सुमारे ६.७ न्यूटन बल येते. आकडा लहान आहे, पण या बलाची दिशा सेकंदाला जवळजवळ सहा वेळा पूर्ण फिरते. पंखा आठ तास चालला तर टांगणीला असे सुमारे १ लाख ६८ हजार हिसके बसतात, आणि तेही एका दिवसात. नट सैल होतो तो यामुळे. हुकात रबरी रीळ असते ती हे हिसके शोषण्यासाठी. बोल्टच्या टोकाला दुमडलेली छोटी पिन असते ती नट सुटला तरी बोल्ट निसटू नये यासाठी. या पिनेची किंमत नगण्य आहे. ती न लावता पंखा खाली मुले बसलेल्या वर्गात फिरवणे हा गुन्हाच म्हणावा लागेल.

दुसरे गणित तारेचे. ७५ वॅटचा पंखा २३० व्होल्टवर साधारण एक तृतीयांश अँपिअर धारा घेतो. मग त्यासाठी १.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार कशाला, बारीक दोरवायर का चालत नाही? कारण तारेची जाडी पंख्याच्या धारेवरून ठरत नाही, त्या तारेला संरक्षण देणाऱ्या फ्यूजवरून ठरते. कोठे शॉर्ट झाले तर फ्यूज तुटेपर्यंत वाहणारी मोठी धारा तारेने सोसली पाहिजे. बारीक तार फ्यूजच्या आधी जळेल, आणि जुन्या शाळेत ती कोरड्या लाकडाच्या शेजारीच असते. प्लगपासून लोंबती दोरवायर छतापर्यंत नेऊन पंखा लावणे हा म्हणूनच उपाय नव्हे. बटण फेजच्या तारेत हवे. ते न्यूट्रलमध्ये असेल तर पंखा बंद दिसतो, पण त्याच्या गुंडाळीपर्यंत वीज पोचलेलीच असते. जुन्या दोन तारांच्या जोडणीत तिसरी, अर्थिंगची तार नसते. पंख्याचे कवच लोखंडी असल्याने नवी जोडणी करताना ती घालून घ्यावीच. हे काम कायद्यानेही परवानाधारकाचेच आहे.

पंखा काय करतो, काय करत नाही

इतका खटाटोप करून पंखा बसवला की खोली थंड होते का? नाही. मोटरची ऊर्जा अखेर उष्णतेतच जाते, त्यामुळे बंद खोलीत हवा किंचित तापतेच. पंखा शरीराला थंड करतो. त्वचेलगतचा दमट हवेचा थर तो हटवतो, घाम लवकर सुकतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. म्हणून रिकाम्या वर्गात पंखा चालू ठेवणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की पंखा अंगावर गरम हवाच फेकतो, तेव्हा त्याच्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे लक्षात ठेवायला हवे. तिथे पत्र्यावर पांढरा रंग देणे, पाणी पीत राहणे आणि शाळा सकाळची भरवणे यांचा उपयोग अधिक.

विजेचा भारही आता हलका होत आहे. चुंबक असलेला रोटर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेले नवे पंखे तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतात. १ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे छताच्या पंख्यांवर ऊर्जा-तारांकन सक्तीचे झाले आहे. जुन्या खोक्यासारख्या रेग्युलेटरमध्ये पंखा हळू केला की उरलेली वीज रोधाच्या तारेत तापून वाया जाई. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ते नुकसान बरेच टळते.

विद्यार्थ्यांसाठी

पुढील कामे आठवी ते दहावीच्या मुलांना देता येतील. गावातली सर्वांत जुनी वीज असलेली इमारत शोधून तिच्यात तार कशाकशावरून गेली आहे याची चित्रे काढावीत; एकाच घरात तीन पिढ्यांच्या पद्धती सापडतात. छताला कडी किंवा हुक असेल तर तो मुळात कशासाठी होता, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. शाळेतल्या पंख्यांची संख्या, वॅट आणि रोजचे तास मांडून महिन्याची युनिटे काढावीत आणि तेवढ्या कामासाठी किती पंखेवाले लागले असते ते लिहावे. मुख्याध्यापकांनी सुटीच्या दिवशी, मुख्य बटण बंद करून, वायरमनकडून प्रत्येक पंख्याची पिन, नट आणि रीळ तपासून घ्यावी आणि तारीख वहीत नोंदवावी. शाळेत ही वही नसेल तर या सत्रापासून ती सुरू करावी.